पहिली मी, टोप्या बाबांना

सातवीच्या परीक्षेत मी केंद्रात पहिली आले, तेव्हा गावापुढे सगळ्यात मोठी अडचण उभी राहिली ती टोपीची.

आमच्याकडे सत्कार म्हणजे टोपी, उपरणं आणि नारळ. यात चौथं काही नसे, आणि तिन्हींतलं एक जरी कमी पडलं तरी सत्कारमूर्ती घरी जाऊन 'मला बोलावून अपमान केला' म्हणत बसे. सोसायटीचा नवा चेअरमन झाला की टोपी. शंकरपटाच्या शर्यतीत कुणाची बैलजोडी पहिली आली की मालकाला टोपी. एका तलाठ्याची बदली झाली तेव्हा त्यालाही टोपी घातली होती, आणि ज्यांना तो गेल्याचा सगळ्यात जास्त आनंद झाला होता त्यांनीच वर्गणी काढली होती. पण परीक्षा पास झाल्याबद्दल गावात कधी कुणाचा सत्कार झाला नव्हता, आणि बाईमाणसाचा तर कशाबद्दलच झाला नव्हता.

महाराष्ट्र होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. जिल्हा परिषद नवी होती, आणि आमचे हेडमास्तरही त्याच वर्षी चिखलीकडून बदलून आलेले, म्हणजे गावाच्या दृष्टीनं नवेच. आमचं गाव रोहिणखेडच्या रस्त्यावर. शाळा सातवीपर्यंत. आठवी शिकायची तर मलकापूर गाठावं लागे. तिथं स्टेशनाजवळ माझी मावशी राहायची. 'पोरीले माह्यापाशी ठेव, मी सांभाळते,' असा तिनं आईला निरोप धाडला होता. शाळा होती, राहायला घर होतं. फक्त बाबांनी हो म्हणायचं आणि शाळेत जाऊन माझा दाखला काढायचा, एवढंच बाकी होतं. मला मलकापूरला जायचं होतं. इतकं जायचं होतं, की भाजीच्या टोपल्यातल्या रद्दीवर 'मलकापूर' असं कुठं छापलेलं दिसलं तरी मी तो तुकडा फाडून ठेवत असे.

हेडमास्तरांनी आल्या आल्या शाळेची रस्त्याकडची भिंत काळी रंगवून घेतली आणि तिच्यावर 'वार्ताफलक' असं लिहिलं. वरच्या अर्ध्यात शाळेची वार्ता, खालच्या अर्ध्यात गावाची. रोज सकाळी ते स्वतः खडूनं लिहायचे. कोंडवाड्यात तांबडी गाय आहे, ओळख पटवून न्यावी. अमक्याला मुलगा झाला. तिसरीतल्या तमक्यानं पाढे बिनचूक म्हटले. अर्ध्या गावाला वाचता येत नव्हतं, म्हणून जो वाचू शकेल त्याला लोक हाताला धरून भिंतीपाशी आणत. फलकावर खोटं काही लिहायचं नाही, हा हेडमास्तरांचा नियम होता, आणि नियमांच्या बाबतीत तो माणूस दगड होता.

निकाल त्यांनीच सायकलवरून आणला. केंद्र म्हणजे आसपासच्या सगळ्या गावांच्या शाळा, आणि त्यात पहिली आमच्या गावाची मुलगी. हेडमास्तरांचे कान लाल झाले होते, आनंदानं की उन्हानं ते कळत नव्हतं. त्यांनी सरपंचांना गाठलं आणि चार दिवसांनी सत्कार ठरवून टाकला.

उन्हं उतरल्यावर शाळेच्या पटांगणात सगळं गाव जमलं. मी दोन वेण्या घालून, डोक्याला तेल चोपडून टेबलापाशी उभी राहिले. सरपंचांनी ताटातली टोपी उचलली आणि ती माझ्या डोक्यापर्यंत आणली. तिथंच त्यांचा हात थांबला. त्यांनी हेडमास्तरांकडे पाहिलं, हेडमास्तरांनी ताटाकडे पाहिलं. ताटात उपरणं आणि नारळ यांच्याशिवाय काही नव्हतं. मागून एक म्हातारा म्हणाला, "पोरीच्या डोक्श्यावर टोपी घालता काय बे?" कुणीतरी सुचवलं की हळदी-कुंकू लावा. पण ते लावायला बाई पाहिजे, आणि बाया पलीकडच्या ओट्यावर तोंडाला पदर लावून बसलेल्या. एवढ्या माणसांसमोर यायला एकही तयार होईना. माझी मान अवघडून गेली.

शेवटी सरपंच म्हणाले, "इचा बाप कोठी हाये?"

बाबा फाटकापाशी उभे होते. मळ्यातून परस्पर आलेले, पायाला चिखल, बाजूला मिरच्यांचं टोपलं. आमचा भाजीचा मळा होता आणि बाबा सकाळ-संध्याकाळ तिथंच असत. चौघांनी त्यांना धरून पुढं आणलं. सरपंचांनी सुटकेचा श्वास सोडून टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली, उपरणं गळ्यात घातलं, नारळ हातात दिला. नारळ बाबांनी माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "धर." टाळ्या झाल्या. हेडमास्तरांनी त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. बाबा म्हणाले, "राम राम." मग थोडा विचार करून म्हणाले, "पाऊस बरा पडो." आणि खाली बसले.

पुढं त्यांनी पुष्कळ भाषणं केली, पण इतकं खरं भाषण परत केलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी धावत भिंतीपाशी गेले. वरच्या अर्ध्यात, ठळक अक्षरांत, बाबांचं नाव होतं. शैक्षणिक यशाबद्दल सत्कार. माझं नाव नव्हतं. मी तेव्हाही तापट होते, आजही आहे. मी तशीच हेडमास्तरांकडे गेले.

"गुरुजी, पास मी झाले."

"हो, बाळ. ते मागच्याच आठवड्यात लिहिलं होतं. ही सत्काराची बातमी आहे. ज्याला टोपी घातली त्याचंच नाव येणार. फलकावर असत्य कसं लिहू?"

मी घरी आले आणि तो नारळ कोपऱ्यात ठेवून दिला.

रोहिणखेडच्या बाजारात बाबा भाजी घेऊन बसले, तर लोक वांगी सोडून त्यांनाच विचारायला लागले. "भाऊ, कोनती परीक्षा देल्ली? या वयात अभ्यास कसा जमला?" पहिल्या बाजारात बाबांनी सगळ्यांना सांगितलं की परीक्षा पोरीनं दिली. दुसऱ्या बाजारात निम्म्या लोकांना सांगितलं. तिसऱ्या बाजारी ते नुसतं हसून वांगी तोलायला लागले.

आता शाळेनं आणि ग्रामपंचायतीनं सत्कार केल्यावर सोसायटी कशी मागं राहील? सोसायटीनं केला म्हणून भजनी मंडळानं केला. भजनी मंडळानं केला म्हणून व्यायामशाळेनं केला, आणि त्यांचा कार्यक्रम अधिक मोठा व्हावा म्हणून आधी मल्लखांब दाखवला. गिरणीवाल्यानं तर एकट्यानं सत्कार केला. त्यासाठी गिरणी बंद ठेवली, आणि दळणाचे डबे घेऊन बसलेल्या बाया बाबांच्या भाषणभर दात-ओठ खात बसल्या. न करावा तर गावाला वाटणार की याला पोरीचं यश खुपतं. म्हणून जो तो आपापली टोपी घेऊन यायचा. आणि एकदा पायंडा पडला तो पडला. मी बसायची सतरंजीवर, मांडीत नारळ घेऊन. बाबा खुर्चीवर. सत्कार पोरीचा, टोपी बापाला, असं ठरूनच गेलं.

बाबांमध्ये फरक पडत गेला. ते मिशी कातरायला लागले. मळ्यातून येताना विहिरीवर पाय धुऊन येऊ लागले. मोट हाकताना बैलांसमोर भाषणाची तालीम चालायची. बैल त्या शब्दांना चालायचे की थांबायचे हे त्यांना कळेना, आणि एकदा भर दुपारी मोट अर्ध्यातच थांबली. आई म्हणाली, "बैलायले बी समजून राह्यलं, आता यायचं लक्ष पान्यात नाही."

'राम राम'पासून सुरू झालेलं भाषण चवथ्या-पाचव्या टोपीपर्यंत पाव तासाचं झालं. व्यायामशाळेत त्यांनी पोरांना अभ्यास कसा करावा ते सांगितलं. "पहाटे उठाचं. मी रोज पहाटे उठतो," ते म्हणाले. हे खरं होतं, मोट जुंपायला ते पहाटेच उठत. पुढं म्हणाले, "चौथीपर्यंत तं मी बी शिकलो. मंग मळ्यात जा लागलं." हे खोटं होतं. बाबा शाळेत आठ दिवस गेले होते. नवव्या दिवशी घरचा बैल आजारी पडला आणि त्यांना जे घरी ठेवून घेतलं ते कायमचं. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं. हे मला माहीत होतं, साऱ्या गावाला माहीत होतं. पण आपल्या माणसाला परक्यापुढे खोटं पाडायची आमच्या गावाची रीत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. माहीत नव्हतं ते एकट्या हेडमास्तरांना, आणि त्यांनी ते खिशातल्या वहीत टिपून घेतलं.

भाषणांत माझं शिक्षणही वाढत चाललं होतं. सोसायटीच्या सत्कारात बाबा म्हणाले, पोरीला शिकवू. भजनी मंडळात म्हणाले, मॅट्रिक करू. व्यायामशाळेत म्हणाले, मास्तरीण करू. गिरणीवर मी डॉक्टरीण झाले. घरी आल्यावर आई चुलीपुढून विचारायची, "मंग दाखला कवा आनता?"

"पाहू ना. आता उद्या सत्कार हाये."

हे रोजचंच झालं. सत्कार संपेपर्यंत दाखला नाही, आणि सत्कार काही संपेनात.

माझ्या रागात एका टोपीनं मात्र भर घातली नाही. रोहिणखेडच्या बाजारात मशिदीच्या वाटेवर एक म्हातारे शिंपी बसायचे. बाबांचं जुनं गिऱ्हाईक. ते म्हणाले, "भाई, तुम्हारी सब टोप्या कान पर आती है. बैठो." त्यांनी फितीनं बाबांच्या डोक्याचं माप घेतलं आणि पुढच्या बाजारी बरोब्बर बसेल अशी टोपी शिवून दिली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "और बेटी को?" आणि उरलेल्या कापडाचं शिवलेलं पाटी-पुस्तकाचं दप्तर माझ्या हातात दिलं. त्या सबंध उन्हाळ्यात 'आणि हिला?' असं विचारणारा तो एकच माणूस निघाला.

मे संपत आला तसा हेडमास्तरांना वरून आदेश आला, की गावात प्रौढ साक्षरतेचा वर्ग सुरू करा. वर्ग म्हटला की समिती आली, आणि समिती म्हटली की अध्यक्ष. हेडमास्तरांनी खिशातली वही उघडली. चौथी शिकलेला, मुलीला शिकवणारा, उत्तम वक्ता. ते थेट आमच्या ओट्यावर आले. बाबांनी चहा पिऊन होईपर्यंत नाही म्हटलं आणि कप खाली ठेवता ठेवता हो म्हटलं. अशा रीतीनं गावातल्या निरक्षरांचे अध्यक्ष म्हणून गावातलाच एक निरक्षर नेमला गेला, आणि साऱ्या गावानं त्याबद्दल समाधान व्यक्त केलं.

उद्घाटनाला दहा-बारा म्हातारे हातात पाट्या घेऊन शाळेच्या व्हरांड्यात बसले. हेडमास्तरांनी बाबांपुढे पाटी धरली. "अध्यक्ष महोदयांनी पहिला 'श्री' काढावा." बाबांनी दोन्ही हात जोडले. "नाही गुरुजी. तो मान तुमचा. तुमी अस्ताना मी कसा लिवू?" हेडमास्तर त्या नम्रतेनं इतके विरघळले की त्यांनी 'श्री' दोनदा काढला.

मग बाबा बोलायला उभे राहिले. त्या दिवशी ते फारच रंगले. "अंगठा लावनं सोडा," ते म्हणाले. "डाग द्याले मानूस काय जनावर हाये? मानसानं सही कराव. पेन धराव आन सही कराव. ज्यानं या गावात यापुढी अंगठा लावला, त्यानं माह्या समोर याचं नाही." म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. काही जण मिशीत हसत होते, पण टाळ्या त्यांनीही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी ते सगळं भाषण वार्ताफलकावर आलं. ती दहावी टोपी होती.

अकरावी टोपी पाहुण्यांनी आणली. चिखलीकडचे लोक, मला पाहायला आले होते. मुलगा शेती करायचा, घर बरं होतं. मला तेरावं लागलं होतं आणि तेव्हा त्यात कुणाला वावगं वाटत नसे. सत्काराची ख्याती त्यांच्यापर्यंत पोचली होती. मुलाच्या बापानं पोहे खाण्याआधीच पिशवीतून टोपी काढून बाबांना घातली आणि म्हणाला, "अशा विद्वान घरात सोयरीक व्हावी, एवढीच इच्छा." बाबा विद्वान माणसासारखे गप्प बसले. आत आईनं तांब्या इतक्या जोरात आपटला की पाहुणे दचकले. मला त्यांनी दोन प्रश्न विचारले, भाकरी येते काय आणि नाव काय. पहिली कशात आले ते विचारलं नाही.

"पाहू," बाबा म्हणाले. "सोमवारी सांगतो."

त्याच दिवशी हेडमास्तरांचा निरोप आला. मलकापूरच्या शाळेत जागा भरत आल्या आहेत, शनिवारपर्यंत दाखला न्या. म्हणजे शनिवारी दाखला नेला तर मलकापूर, नाहीतर सोमवारी चिखली. इतकं सरळ होतं ते.

मी तडक शाळेत गेले. म्हटलं, माझा दाखला मलाच द्या. हेडमास्तरांनी मोठी नोंदवही काढून दाखवली. "इथे पालकाची सही लागते, बाळ. त्याशिवाय देता येत नाही. तुझे वडील तर आपले अध्यक्ष, त्यांचं दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटांचं काम, आणि महिनाभर होत नव्हतं. घरी येईपर्यंत माझं डोकं तापलं होतं. बाबा ओट्यावर दोर वळत बसले होते.

"तुम्हाले मले पाठवाचंच नाही," मी म्हटलं.

"मी नाही म्हटलं काय?"

"हो तरी कोठी म्हटलं? स्टेजवर म्हनता, घरी नाही म्हनत. मले डॉक्टरीण करता आन दाखला आनत नाही. पास मी झाले. मंग तुमी टोप्या काऊन घातल्या?"

बापाशी असं बोलायची आमच्या घरात पद्धत नव्हती. त्यांनी मारलं असतं तरी चाललं असतं. ते उठले, दोर खुंटीला टांगला आणि न जेवता मळ्यात निघून गेले.

आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "दाखला आनाले सही लागते ना वो?"

"हाव."

"मंग?"

"मंग काय?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली. "तुह्या बापाले कोठी येते सही?"

बाबांना वाचता येत नाही हे मला कळत होतं, पण सही येत नसेल असा विचार मी कधी केलाच नव्हता. त्यांना सही करताना पाहिलंच नव्हतं, आणि अंगठा लावतानाही. ते बाजारात भाजी विकायचे, तिथं दोन्हीची गरज पडत नसे. आता त्यांना अंगठा लावायचा होता तो त्याच शाळेत, त्याच हेडमास्तरांसमोर, जिथं त्यांनी साऱ्या गावाला अंगठा सोडा म्हणून सांगितलं होतं. प्रत्येक टोपीबरोबर तो दाखला त्यांच्यापासून एकेक कोस लांब जात होता. मला स्वतःची फार लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर रागही गेला नाही. भाषणं करायला त्यांना कुणी सांगितलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटी घेऊन मळ्यात गेले. बाबा मिरचीला पाणी देत होते. मी पाटीवर त्यांचं नाव लिहिलं आणि पुढं धरलं. त्यांनी पाहिलं, आई बोलली असणार हे त्यांनी ओळखलं, आणि फावडं बाजूला ठेवलं.

"किती दिवस लागन?"

"तीन दिवस हायेत."

पेन्सिल त्यांच्या बोटांत राहीना, म्हणून आम्ही वाफ्याच्या ओल्या मातीत काडीनं लिहायला घेतलं. पहिलं अक्षर त्यांनी एवढं मोठं काढलं की पुढच्या अक्षरांना शेजारच्याचं वावर मागावं लागलं असतं. बाबा रोपांच्या ओळी लावायचे तर दोरी न धरता सरळ लावायचे, आख्ख्या शिवारात तशी ओळ कुणाची नसे. पण नावाची ओळ काही केल्या सरळ चालेना. एक अक्षर विहिरीकडं, दुसरं गोठ्याकडं. मी दोनदा त्यांच्यावर खेकसले. गुरुजी माझ्यावर खेकसत तसंच. त्यांनी माती सारखी करून पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी काडी टाकली.

"नाही जमत वो," ते म्हणाले. "रोप लावाले सांग, डोये मिटून लावतो."

मी मलकापूर मनातून काढायला लागले. त्या रात्री मला झोप लागली नाही असं लिहायला बरं वाटलं असतं, पण मी रडले आणि गाढ झोपले.

शनिवारी सकाळी बाबा मला म्हणाले, "चाल." डोक्याला रोजचा मळ्यातला मळका रुमाल होता. व्हरांड्यात साक्षरतेचा वर्ग भरला होता, दहा-बारा म्हातारे पाट्यांवर वाकलेले. अध्यक्ष आलेले पाहून हेडमास्तरांनी सगळ्यांना उभं केलं. बाबांनी कामाचं सांगितल्यावर त्यांनी नोंदवही उघडली, स्वतःच्या खिशातलं फाउंटन पेन काढलं, टोपण उघडलं आणि अदबीनं पुढं केलं.

बाबांनी पेन घेतलं नाही.

"गुरुजी, शाईचं पॅड काढा."

"कशाला?"

"अंगठा लावाचा हाये." ते हेडमास्तरांकडं न पाहता नोंदवहीकडं पाहून बोलत होते, पण आवाज व्हरांड्यात सगळ्यांना ऐकू जात होता. "मी चौथी शिकलो नाही. आठ दिवस गेल्तो. भाषनाच्या भरात बोलून गेलो. पोरीले मलकापूरले धाडाचं हाये."

हेडमास्तरांनी पेनाला टोपण लावलं. मग त्यांनी पेन खाली ठेवलं, पॅड शोधलं, त्यावर फुंकर मारली. बाबांनी अंगठा टेकवला आणि नोंदवहीत माझ्या नावापुढं उमटवला. घाईत नाही, नीट दाबून. व्हरांड्यातल्या पाट्या मांडीवर उतरल्या. गावाला हे सारं आधीपासून ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि समोर होणं वेगळं.

शेवटी एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे अध्यक्ष बी आमच्यातलाच हाये तं." आणि सतरंजीवर थोडा सरकला. हेडमास्तरांनी लिहून दिलेला दाखला माझ्या हातात देऊन बाबा त्या जागेवर जाऊन बसले. कुणीतरी त्यांना आपली पाटी दिली. मी दाखला छातीशी धरून उभी होते. मला इतका आनंद झाला होता की वाचता येत असूनही त्यावर काय लिहिलंय ते दिसत नव्हतं.

पाहुण्यांना बाबांनी निरोप धाडला, पोरगी शिकून राह्यली, आता नाही. पाहुणे चिडले, आणि टोपी परत मागवली म्हणतात. ती दिली की नाही ते मला आठवत नाही.

हेडमास्तरांनी पत्र धाडून माझी जागा धरून ठेवली होती, आणि शाळा उघडायच्या सुमारास आम्ही एसटीनं मलकापूरला गेलो. माझ्याकडं पत्र्याची पेटी आणि ते शिंपीबाबांनी दिलेलं दप्तर, बाबांकडं मावशीसाठी मिरच्या. मोठ्या शाळेच्या कचेरीत एक कारकून चष्मा कपाळावर ठेवून भराभर फॉर्म भरत होता. गाव, वय, मागची शाळा. टक्के ऐकून त्यानं चष्मा डोळ्यांवर घेतला, माझ्याकडं पाहिलं आणि परत वर केला.

"पालकाचं शिक्षण?"

मी बाबांकडं पाहिलं नाही. मला भीती वाटत होती की ते चौथी म्हणतील, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती की ते काहीच म्हणणार नाहीत.

बाबा म्हणाले, "लिवा, सुरू हाये. या शनवारी चार आठोडे होतीन."

कारकुनानं मान वर केली नाही. रकान्यात एक शब्द लिहिला आणि सहीसाठी फॉर्म फिरवला. बाबांनी विचारण्याआधीच अंगठा पुढं केला. फॉर्म माझ्या समोर होता आणि तो शब्द मला स्वच्छ वाचता येत होता. त्यानं 'निरक्षर' असं लिहिलं होतं.

बाहेर आल्यावर बाबा फाटकापाशी थांबले. अंगठ्याची शाई रुमालाला पुसत त्यांनी विचारलं, "काय लिवलं वो त्यानं?"

"तुमी सांगतलं तेच," मी म्हटलं. "सुरू हाये म्हून लिवलं."